युस्तिनाच्या वाट्याचा त्याग

किरगिझ मुलखातल्या आमच्या आपफेलताल ह्या जर्मन वस्तीच्या गावात आरोन टेव्सइतका त्यागी माणूस दुसरा झाला नाही. हे मी म्हणत नाही. तो स्वतःच म्हणायचा, आणि दर रविवारी उपदेश संपून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्याकडून काय करवून घेतलं ते सांगायची, वेळ झाली की उभा राहून म्हणायचा.

काय ते उभं राहणं! मी चाळीस वर्षं नाटकात घालवली. राजांची सोंगं घेणारे मोठमोठे नट जवळून पाहिले, आणि स्वतः बहुतेक वेळ 'महाराज, शत्रू वेशीवर आला' एवढं सांगून विंगेत परतलो. पण प्रवेश कसा घ्यावा, हे आरोनकडून शिकावं. आधी तो दोघातिघांना बोलू द्यायचा. मग पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालायचा आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा श्वास सोडायचा. शेवटच्या बाकावर मी असायचो. आमच्या मंडळीत नाटक हे पाप. मी विसाव्या वर्षी गावातून पळून त्या पापात गेलो आणि साठाव्या वर्षी, राजधानी फ्रुंझेच्या रंगमंचावरून निवृत्त होऊन, परत आलो. बिचाऱ्यांनी मला हाकललं नाही. फक्त दाराजवळची जागा दिली, पुन्हा पळायचं झालं तर सोय असावी म्हणून.

आरोनचा श्वास ऐकला की बायका रुमाल काढून तयार व्हायच्या.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणायचा, "मला खरं तर बोलायचं नव्हतं."

बावीस वर्षं त्याला बोलायचं नव्हतं.

परत आल्यावर पहिली ऐकली ती कोंबडीची साक्ष. तलास शहरातून एक फिरता उपदेशक आला होता आणि आरोननं घरातली एकुलती एक अंडी देणारी कोंबडी कापून त्याला सूप पाजलं होतं. "देह म्हणाला, राख. आत्मा म्हणाला, दे. आणि मी दिली!" शेवटच्या शब्दावर आवाज असा काही फाटला की माझेही डोळे पाणावले. खोटं कशाला सांगू, चांगला आवाज लागला की मी पाघळतोच.

बाहेर पडलो तर बुरुल-एजे तिच्या कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत उभी. ती किरगिझ, एजे म्हणजे त्यांच्यात ताई. आमच्या प्रार्थनेशी तिचा संबंध एवढाच, की तिचं कुंपण प्रार्थनाघराला लागून होतं आणि खिडक्या उघड्या असायच्या.

"कुणाची कोंबडी म्हणाला तो?" तिनं विचारलं.

"त्याची."

"त्याची? ती तांबडी? अहो कलाकार, ती युस्तिनाची हो. पिल्लू माझ्याकडून नेलं होतं तिनं, शालीत गुंडाळून चुलीपाशी वाढवलं. ह्या माणसानं तिला एकदा जरी दाणा टाकला असेल ना, तर मी माझी दाढी काढून देईन."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ पाहिले होते. पण हलवायाशी लग्न करून रोज सकाळी ताजं तुळशीपत्र ठेवणारा हा पहिलाच.

मग मी मोजायला लागलो. आईनं भरलेली पिसांची दुलई, जी आरोननं आग लागलेल्या शेजाऱ्यांना दिली, त्यातली आई युस्तिनाची. प्रार्थनाघराला दिलेलं शिवणयंत्र युस्तिनाचं. ते दिल्यावर मंडळीचे पडदे शिवायलाही तिलाच बोलावलं आणि ती स्वतःच्या यंत्रावर, मंडळीची परवानगी घेऊन, आठ दिवस शिवत बसली. शनिवारी ती दोन मजली पाव भाजायची, मोठ्या गोळ्यावर लहान गोळा बसवलेले, आमच्याकडे रविवारच्या चहाला तेच लागतात. त्यांची टोपली आरोन वाटून यायचा आणि घरी येऊन तिला म्हणायचा, "अगं, आज आपण उपासच करू या." उपास तिला घडायचा. ज्याला वाटायला गेला त्याच्या घरी चहा, जॅम आणि आग्रह ह्याला व्हायचा.

त्यागातही अर्थात वरचा मजला होता. घरात पाहुणा उपदेशक आला की शेगडीच्या भिंतीजवळची उबदार खोली त्याला. मग नवराबायकोंनी अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात झोपायचं. ते उन्हाळी का म्हणतात, हे तलासच्या जानेवारीत एकदा तिथं झोपलं की कळतं. युस्तिना गोधड्या घेऊन तिकडे जायची. आणि आरोन? "पाहुण्याला परक्या घरी एकटं वाटू नये," म्हणून तो उबदार खोलीतच दुसऱ्या खाटेवर झोपायचा.

एक वस्तू मात्र त्यानं कधी दिली नाही. मेंढीच्या कातड्याचा कोट, गुडघ्याच्या खाली येणारा, आतून लोकर. एकदा मीच चिडवलं.

"आरोन, ह्या कोटाबद्दल आत्मा काही बोलला नाही का?"

"बोलला असता," तो गंभीरपणे म्हणाला, "पण ह्याला माझ्या घामाचा वास येतो. दुसऱ्याला वापरलेली वस्तू द्यायची म्हणजे दान नव्हे, अपमान."

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस ढोंगी होता. तसं असतं तर मी कागद खराब केले नसते. ढोंगी माणूस विंगेत गेला की मुकुट काढतो आणि बिडी पेटवतो. आरोननं कधी काढला नाही. त्याला खरंच वाटायचं की तो देतोय.

ह्याचं मूळ त्याच्या बापापाशी आहे. इझाक टेव्स युद्धाच्या वर्षांत आमच्या इतर बाप्यांसारखा, जर्मन म्हणून, उरल पर्वतात सक्तीच्या लाकूडतोडीच्या छावणीत होता. तिथं त्यानं एका आजारी माणसाला हिवाळाभर आपली निम्मी भाकरी दिली. इझाक परत आला, पाठ वाकलेली, आणि भाकरीबद्दल चकार शब्द बोलला नाही. दोन वर्षांनी तो वाचलेला माणूस पत्ता काढत गावात आला आणि एका घरात, प्रार्थनेवर बंदी म्हणून खिडक्यांना चादरी लावून भरलेल्या सभेत, उभा राहून सगळं सांगता झाला. मी होतो तिथं, अजून पळालो नव्हतो. लोक ढसाढसा रडत होते. इझाक मान खाली घालून बसला होता, चोरी पकडली गेल्यासारखा. आणि त्याच्याजवळ बसलेला दहा वर्षांचा आरोन मान उंच करून आजूबाजूला पाहत होता, कारण प्रत्येकजण त्याच्या बापाकडे पाहून झालं की त्याच्याकडे पाहत होता.

पोराला भाकरी दिसलीच नाही. रुमाल दिसले.

एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं.

सोव्हिएत संघ मोडला आणि आमची माणसं पूर्वजांच्या देशात, जर्मनीला, जायला लागली. आज वीबंचं घर बंद, उद्या पेनरांचं. आरोन-युस्तिनाची एकुलती एक मुलगी लेना आधीच्याच लाटेत गेली होती. तिकडे तिला मुलगी झाली. नात चार वर्षांची झाली होती आणि युस्तिनानं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. त्या फोटोवर तिचं बोट फिरून फिरून पोरीचा गाल पांढरा पडला होता. युस्तिनाला ह्या आयुष्यात आणखी एकच गोष्ट हवी होती: तिथं जायचं, आणि गुडघे अजून वाकतात तोवर जायचं, म्हणजे नातीला मांडीवर घेता येईल.

कागद दोघांचेही आले होते. पण विमानाच्या जागा मंडळीच्या नावावर थोड्याथोड्या मिळायच्या, आणि कोण आधी जाणार ह्याची यादी मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, डिट्रिख फ्रीसेन वाचून दाखवायचे. पहिल्या वेळी यादीत टेव्स नवराबायको होते. युस्तिनानं गाठोडी बांधली. रविवारी आरोन उभा राहिला, श्वास सोडला, आणि त्याला बोलायचं नव्हतं असं सांगून दोन्ही जागा एका पोराबाळांच्या कुटुंबाला देऊन बसला. रुमाल, हुंदके. युस्तिनानं गाठोडी सोडली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा नाव आलं. गाठोडी बांधली. ह्या वेळी दोन जागा एका आंधळ्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या बहिणीला. आता आंधळ्याला जागा दिली म्हणून कुणी बोलणार का? बायकांच्या बाजूला बसलेल्या युस्तिनाकडे मी पाहिलं. तिनं रुमाल काढला नव्हता. तो तिच्या मुठीत होता.

त्या दिवशी चहाला मी आरोनला गाठलं.

"तू दोन जागा दिल्यास," मी म्हटलं. "एक तुझी. दुसरी कुणाची?"

"आमची."

"तिला विचारलंस?"

"कलाकार, तुम्हाला ह्या गोष्टी कळायच्या नाहीत," तो मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "नवरा-बायको एक देह असतात."

"बरोबर. मग गुडघे फक्त तिचेच का दुखतात?"

त्यानं माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. तिथंच, सगळ्यांसमोर, पावाच्या टोपलीशेजारी. मी हात जोडून उभा राहिलो, दुसरं काय करणार!

खरं सांगू? तो जर्मनीला घाबरत होता. तिथं आमची हजारो माणसं, प्रत्येक गल्लीत एक प्रार्थनाघर, प्रत्येक बाकावर एक त्यागी. इथं गाव रिकामं होत चाललं होतं आणि त्याच्याइतका मोठा नट उरला नव्हता. त्यात जुने डीकन जर्मनीला गेले आणि जागा रिकामी झाली. डीकन म्हणजे गरिबांची विचारपूस करायची, प्रभुभोजनाची भाकर फिरवायची, आणि पुढच्या बाकावर, लोकांकडे तोंड करून बसायचं. लोकांकडे तोंड करून! आयुष्यभर बिचारा लोकांच्या पाठींशी बोलत आला होता.

मंडळीनं त्यालाच निवडलं. दुसरा होता कोण? डिट्रिख फ्रीसेन घरी येऊन म्हणाले, "बंधू आरोन, एक अट. डीकन झालास की मंडळीचं दार बंद होईपर्यंत इथून हलायचं नाही. या वसंतातल्या यादीत तुमचं नाव आहे. ते काढावं लागेल."

"काढा," आरोन म्हणाला. युस्तिना त्या वेळी त्यांच्या पुढ्यात नूडल्सचं सूप ठेवत होती. हे मला डिट्रिखनीच नंतर सांगितलं. म्हणाले, "तिनं वाटी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मीठ विचारतेय."

दुसऱ्या दिवशी युस्तिना माझ्या दारात. हातात सुक्या आलुबुखाऱ्याच्या गोड खिरीचं पातेलं. बसली नाही, बसलं की उठताना त्रास व्हायचा.

"कलाकार, एक विचारू? हसायचं नाही."

"मी आयुष्यभर लोकांना हसवायचा प्रयत्न केला, युस्तिना. स्वतः हसायला वेळच मिळाला नाही."

"शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायचं म्हणजे काय करायचं? ओरडायचं का?"

"छे! ओरडलं की लोक कान मिटतात. दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवायचे. बोलायच्या आधी श्वास घ्यायचा, सोडायचा नाही. सोडतात ते नाटकी. आणि शेवटच्या बाकावरच्या एका माणसाकडे पाहून त्याच्याशी बोलायचं, फक्त त्याच्याशी. मधले सगळे आपोआप ऐकतात."

"शेवटच्या बाकावर तर तुम्हीच असता."

"मग माझ्याकडे पाहा."

तिनं मान डोलावली. "आणि वाक्य विसरलं तर?"

"खरं असेल तर विसरत नाही."

काय बोलणार आहे हे मी विचारलं नाही. आमच्या मंडळीत बाई सभेत बोलत नाही. फक्त एकदा बोलते: नवऱ्याला डीकन किंवा वडील म्हणून डोक्यावर हात ठेवून नेमतात तेव्हा, तिची संमती सर्वांसमोर विचारतात. उत्तर ठरलेलं आहे: 'होय, देवाच्या साहाय्यानं.' तीन शब्द. त्यासाठी कुणी नटाची शिकवणी लावतं का? मी मनात म्हटलं, बिचारी घाबरलीय. खीर मात्र उत्तम होती.

नेमणुकीचा रविवार. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. जर्दाळूंना मोहर होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि खिडकीबाहेर बुरुल-एजे बिया फोडत होती. आरोन पुढं गुडघ्यांवर. केस पाणी लावून बसवलेले. साठीला टेकलेला माणूस, पण मानेवरून पुन्हा दहा वर्षांचा वाटत होता. यादी सकाळीच वाचून झाली होती: गुरुवारी बस, अकरा माणसं, टेव्स नाव नाही.

डिट्रिख फ्रीसेननी विचारलं, "भगिनी युस्तिना, तू तुझ्या नवऱ्याला ह्या सेवेसाठी मंडळीला देतेस का?"

युस्तिना उठली. बाकाला धरून उठली, मग बाक सोडला. दोन्ही पाय नीट ठेवले. श्वास घेतला. आणि सगळ्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

"देते," ती म्हणाली.

डिट्रिख पुढं बोलायला लागले, पण तिचं संपलं नव्हतं.

"सगळाच देते. दुलई दिली, यंत्र दिलं, कोंबड्या दिल्या, झोपायची खोली दिली, दोन वेळा विमानातली जागा दिली. माझं म्हणावं असं एवढं एकच उरलं होतं. ह्यांनी मला शिकवलं की जे सगळ्यात जवळचं, ते हातचं न राखता द्यावं. घ्या. परत मागणार नाही. फक्त यादीतून दोन नावं काढलीत, त्यातलं एक माझं होतं. ते मी कुणाला दिलेलं नाही. तेवढं परत लिहा."

आणि मग, नियमाला काही कमी पडू नये म्हणून, "देवाच्या साहाय्यानं," असं म्हणून खाली बसली.

शांतता! त्या शांततेसाठी नट आयुष्य विकतात. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. टाळी वाजली असती तर मला ह्या वेळी खरंच हाकललं असतं. खिडकीबाहेर बिया फोडायचा आवाजही थांबला होता. डिट्रिखनी आरोनकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात अशा उत्तराला काही पान नव्हतं. ती 'होय' म्हणाली होती. कधी कुणी म्हटलं नसेल इतकं पूर्ण 'होय'. त्यांनी आरोनच्या डोक्यावर हात ठेवले आणि नाव परत लिहिलं.

गुरुवारी ती गेली. आरोन बसपाशी आला होता. कोट घालून, एप्रिलमध्ये.

"युस्तिना, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, केवढा त्याग केला टेव्सनं," ती खिडकीतून म्हणाली. "शेगडीत राख साचलीय, ती काढा. पांढरी कोंबडी खुडूक आहे, तिला उठवू नका."

आणि खरोखर, पुढच्याच रविवारी तो उभा राहिला! श्वास, हात, मान. "बंधूंनो, भगिनींनो, मला बोलायचं नव्हतं. प्रभूच्या कामासाठी मी माझी अर्धांगीसुद्धा दिली." दोन बायकांनी रुमाल काढले. बाकीच्या एकमेकींकडे पाहू लागल्या. बाहेरून, चांगल्या रशियन भाषेत, म्हणजे सगळ्यांना कळावं अशा, बुरुल-एजेचा आवाज आला:

"ही पण तिचीच कोंबडी!"

कुणीतरी खिडकी लावली. पण उशीर झाला होता. पुरुषांच्या बाजूला एकजण खोकला, आणि तो खोकला नव्हता.

बाकी हालांची तुम्हीच कल्पना करा. द्यायला घरात काही उरेना, कारण करणारं कुणी उरलं नव्हतं. पाव भाजले ते एक मजली झाले, वरचा गोळा घसरून तव्यावर जळाला. खुडूक कोंबडीला त्यानं उठवलंच, मग ती अंड्यांवरून गेली ती बुरुलच्या गोठ्यात. त्यागी माणसाच्या घरी पाहुणे येईनात. बरोबरच आहे, सुपाशिवाय त्यागाला चव काय?

नोव्हेंबरात मात्र एक उपदेशक आलाच. लांबून आला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. सकाळी आरोन माझ्या दारात उभा. डोळे लाल, दाढीत लोकर.

"घोरतो," तो म्हणाला. "माणूस घोरतो म्हणजे भिंत हलते. मी उन्हाळी स्वयंपाकघरात गेलो झोपायला."

"बरं मग?"

"बादलीतलं पाणी गोठलं." तो माझ्या चुलीपाशी बसला. मी चहा ओतला, दूध घातलं. तो दोन घोट प्यायला. मग म्हणाला, "तिथं खाटेशेजारी भिंतीत खिळा आहे. त्याला लोकरीचे पट्टे लटकवलेत. गुडघ्यांना बांधायचे. मला माहीतच नव्हते. किती वर्षं झोपली ती तिथं?"

"तू मोज. पाहुणे तूच आणायचास."

"काही बोलली कशी नाही कधी?"

"साक्षीची वेळ तू संपवायचास रे."

त्याला राग आला नाही, ह्याचं मला नवल वाटलं. त्यानं पेल्याभोवती हात धरले. "बाबा," तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "बाबांनी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, त्यांना नीट सांगता येत नाही. म्हणून मी सांगायचो."

मी त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतला. 

त्याचा कागद अजून चालू होता, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे जाता येत होतं. पण त्यासाठी डीकनपण सोडायचं, लोकांकडे तोंड असलेला बाक सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी हसं करून घ्यायचं: इथं म्हणणार, बायकोमागं पळाला, तिथं म्हणणार, आला का आत्ता. बायको-मुलीशिवाय तिथं त्याला विचारणारं कोण? आणि नात तर ओळखणारही नाही. मी मनाशी पैज लावली, जाणार नाही. मुख्य भूमिका सोडून गर्दीतला माणूस व्हायला तयार झालेला नट मी चाळीस वर्षांत एकही पाहिला नाही. मीसुद्धा असतो तर झालो नसतो. सुदैवानं मला मुख्य भूमिका कुणी दिलीच नाही.

मार्चमधल्या एका रविवारी साक्षीच्या वेळी आरोन उभा राहिला. पुढच्या बाकावरून, आमच्याकडे तोंड करून. जुन्या सवयीनं रुमाल निघाले. त्यानं श्वास घेतला. घेतला, सोडला नाही. तोंड उघडलं. मग म्हणाला, "काही नाही," आणि बसला.

लोकांना वाटलं, तब्येत बरी नाही. डिट्रिखनी त्याच्यासाठी प्रार्थना केली.

सोमवारी त्यानं डिट्रिखांच्या घरी जाऊन डीकनचं काम परत केलं. कारण विचारलं तर म्हणाला, "बायकोकडे जायचंय." बस. ना देह, ना आत्मा. डिट्रिख मला म्हणाले, "मी वाट पाहत होतो पुढं काही म्हणेल म्हणून. चहा थंड झाला. काहीच म्हणाला नाही हो." त्यांना जरा फसवल्यासारखं वाटत होतं.

आमच्याकडे जाणाऱ्याला सगळी मंडळी बसपाशी येऊन गाणं म्हणून निरोप देते. आरोननं तारीखच सांगितली नाही. गुरुवारी पहाटे तलासच्या साध्या बसनं, एका गाठोड्यानिशी, तो गेला. बारीक बर्फ पडत होतं. मला कळलं ते बुरुल-एजेच्या हाकेनं.

"कलाकार! इकडे या. हे बघा."

तिच्या कुंपणावर मेंढीच्या कातड्याचा कोट टांगलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिचा नवरा हिवाळाभर फाटक्या जॅकेटात गुरं पाहत होता, हे शेजारी बावीस वर्षं राहणाऱ्या माणसाला आत्ता दिसलं होतं.

"बर्फात गेला की हा कोटाशिवाय!" मी म्हटलं.

बुरुलनं कोट उतरवला, झटकला, उलटा करून शिवणी तपासल्या. खिशात हात घातला: सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. मग लोकरीत नाक खुपसून तिनं जोरात वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! घामाचा वास येतोय," ती म्हणाली. "हा मात्र त्याचाच आहे."

आणि नवऱ्याला हाक मारत ती कोट घेऊन आत गेली.